पाणपोई नावाचं वाय-फाय

मित्रांनो, मी एक जुना राऊटर आहे. ठाकुर्लीच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, माळ्यावर चपलांच्या रिकाम्या खोक्यात मी पडून आहे. माझ्या दोन शिंगांपैकी एक वाकलं आहे. माझे हिरवे दिवे कधीचे बंद झाले. सोबतीला एक जळलेली इस्त्री, तुटक्या दांड्याची छत्री आणि एक क्रोशाचा रुमाल आहे. तो रुमाल माझाच आहे, त्याची हकीकत पुढे येईल. उद्या सकाळी मला खाली काढणार आहेत. त्यानंतर मला काही आठवेल असं वाटत नाही, म्हणून जे सांगायचं ते आजच सांगून टाकतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखी असंख्य भावंडं सरकत्या पट्ट्यावरून ओळीने पुढे जात होती. शेवटी प्रत्येकाच्या पोटावर एक कागद चिकटवला जाई. त्या कागदावर दोन चाव्या छापलेल्या असत. चाव्या म्हणजे पासवर्ड. पहिली चावी वाय-फायची. ती ज्याला मिळेल तो माझ्या ओसरीवर येऊन बसतो आणि इंटरनेट वापरतो. दुसरी चावी माझ्या आतल्या खोलीची. ती खोली उघडली की माझं नाव बदलता येतं, मी कोणाला कुठे पोचवायचं ते ठरवता येतं, मला पुरतं ताब्यात घेता येतं.

ही दुसरी चावी आम्हा सगळ्या भावंडांची एकच होती. नाव अॅडमिन आणि चावीही अॅडमिन. ज्या घरी जाऊ तिथली माणसं ती पहिल्याच दिवशी बदलतील, असं आम्हाला बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. त्या शहाण्यांना ठाकुर्लीला कोणी आणलं नव्हतं.

मी इथे आलो तेव्हा शाळा बंद होत्या, ऑफिसं बंद होती आणि सगळे तोंडाला फडकं बांधून फिरत होते. घरात तीन माणसं. सीतारामकाका महापालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर त्यांनी लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून रस्त्यातले व्हॉल्व्ह उघडले आणि लोकांच्या नळाला पाणी सोडलं. त्यांची बायको जाईबाई. आणि मुलगी दर्शना. ती एका कंपनीत इस्पितळांची बिलं तपासण्याचं काम करत असे. कंपनीचं ऑफिस ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये होतं. ते बंद पडल्यामुळे काम घरून सुरू झालं आणि त्यासाठी मला आणलं गेलं.

मला बसवायला नाथा आला. तो केबलवाल्याचा माणूस होता. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली एक फळी होती, तिच्यावर त्याने मला ठेवलं. मला ती जागा आवडली. वायर जोडून झाल्यावर नाथाने काकांना विचारलं, "काका, पासवर्ड काय ठेवू? सगळे आपला मोबाइल नंबरच ठेवतात."

काका म्हणाले, "पासवर्ड नको."

उघडं ठेवलं तर अख्खी चाळ येऊन बसेल, असं नाथाने समजावून पाहिलं. बसू दे, असं काका म्हणाले. तेव्हा नाथाने दुसरा उपाय सुचवला.

"मग असं करू, गेस्टचं वेगळं नेटवर्क करून देतो. बाहेरच्यांना वेगळं, घरच्यांना वेगळं. त्यांचं तिकडच्या तिकडे राहील, तुमच्यात येणार नाय."

काकांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. "बाहेरच्यांसाठी वेगळं भांडं या घरात ठेवत नाही आम्ही," ते म्हणाले. "आम्ही जे पितो, तेच ते पितील."

नाथाला काही उमगलं नाही. इंटरनेटच्या गोष्टीत भांडं कुठून आलं, असा चेहरा करून तो दर्शनाकडे बघू लागला. तिला ठाऊक होतं.

मलाही ते हळूहळू कळत गेलं. काकांचं लहानपण रायगडकडच्या एका खेड्यात गेलं होतं. तिथल्या विहिरीला हात लावायची त्यांच्या आईला मुभा नव्हती. ती कळशी खाली ठेवून बाजूला उभी राहायची. वरून कोणी ओतलं तर पाणी मिळायचं, नाहीतर ऊन उतरेपर्यंत ताटकळत राहायचं. काका हे फारसं कोणाला सांगत नसत. पण त्यांच्या दारात पाण्याचा माठ बाराही महिने भरलेला असे, आणि त्यावर पालथा घातलेला पेला घरातल्याच पेल्यांपैकी असे. शेजारचे उत्तमकाका साताऱ्याकडचे. चाळीत राहायला आले त्या दिवशी सामान चढवून त्यांना धाप लागली होती. चाळीतले काही जण टकमक बघत असताना ते या माठातलं पाणी घटाघटा प्यायले आणि वर त्यांनी दुसरा पेला मागितला. सीतारामकाकांची आणि त्यांची मैत्री तिथून सुरू झाली.

तर नाथाने मला उघडंच ठेवलं. जाताना त्याने आणखी एक गोष्ट केली. माझ्या मागची एक खिडकी त्याने उघडी ठेवली. खरी खिडकी नव्हे. दुरून, आपल्या दुकानात बसूनच माझ्या आतल्या खोलीत येता यावं, अशी ती सोय होती. काही बिघडलं तर तिकडूनच बघता येईल, हे जिने परत कोण चढतंय, असं तो स्वतःशी पुटपुटला. आतल्या खोलीची चावी त्याने बदलली नाही. त्याला अजून बरीच घरं करायची होती, आणि मला बोलता येत नाही.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते. चाळीतली सगळी मुलं गॅलरीत ओळीने, भिंतीला टेकून, मांडीवर फोन घेऊन शाळेला बसत. कोणाची गणिताची शाळा, कोणाची भूगोलाची. एकाच गॅलरीत इतके मास्तर आणि बाई एकदम बोलत की बाजार भरल्यासारखं वाटे. मी दमून जाई, तापून निघे, पण एकालाही मध्येच सोडलं नाही. काका मुलांना पाणी देत फिरत. जाईबाई मला घरातलं माणूस मानू लागल्या. धूळ बसू नये म्हणून त्यांनी माझ्या अंगावर क्रोशाचा रुमाल घातला. त्या मायेने मी आणखी तापलो, हे त्यांना कोण सांगणार?

उत्तमकाकांचा मुलगा प्रीतम तेव्हा नुकता कॉलेजात जाऊ लागला होता. त्याला फोनमधलं आणि कॉम्प्युटरमधलं सगळं कळे. एक दिवस त्याने माझ्या आतल्या खोलीचं दार सहज ढकलून पाहिलं. अॅडमिन, अॅडमिन. दार उघडलं. त्याने आत फक्त माझं नाव बदललं, आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या चाळीच्या फोनवर वाय-फायच्या यादीत नवं नाव दिसलं, पाणपोई. चाळ हसली. काका तर इतके खूश झाले की त्यांनी ते नाव जाईबाईंना चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवलं. प्रीतमने त्यांना तेव्हाच सांगितलं होतं.

"काका, नाव मी गंमत म्हणून बदललं. पण आतली चावी बदला तुम्ही. कंपनीचीच आहे अजून. मी शिरलो तसा उद्या कोण पण शिरेल."

काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. तू घरचाच आहेस, तू काय चोरणार, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. दर्शना आत कामात होती. माझ्या कानाने मी ते ऐकलं आणि वाटलं, आता तरी कोणी उठेल. कोणी उठलं नाही.

पुढे शाळा उघडल्या. मुलं पांगली. गॅलरी रिकामी झाली. दर्शनालाही ठाण्याच्या ऑफिसात परत जावं लागलं. त्यानंतर एका पावसाळ्यात जाईबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं राहिलं. त्या मुलीला दर्शू म्हणत, तेवढं मात्र स्पष्ट निघे. पुढे त्यांचं हृदयही थकत चाललं. आता फार दिवस नाहीत, जपा, असं डॉक्टरांनी दर्शनाला बाजूला घेऊन सांगितलं. तिने ऑफिसात हातापाया पडून घरून काम करायची परवानगी मिळवली. आईचे राहिलेले दिवस आईजवळ काढायचे आणि शेवटच्या घडीला तिचा हात धरून बसायचं, एवढंच तिला हवं होतं. ते माझ्या जिवावर होतं. माझ्याशिवाय तिचं घरून काम चालणार नव्हतं.

तिने पलंगाजवळच टेबल लावलं. एक डोळा बिलांवर, एक आईवर. उत्तमकाकांची बायको विनिता रोज येई आणि दोघी मिळून जाईबाईंची कूस बदलत. दुःखाचं घर होतं, पण त्या घरात माणसं होती.

मग तो आला.

मित्रांनो, तो जिन्याने आला नाही. गॅलरीतून आला नाही. माझ्या उघड्या वाय-फायवरूनही आला नाही. कुठल्या तरी लांबच्या देशात बसलेला तो माणूस नाथाने उघड्या ठेवलेल्या मागच्या खिडकीतून आला. अॅडमिन, अॅडमिन असं म्हणाला आणि सरळ माझ्या आतल्या खोलीत शिरला. त्याला ना ठाकुर्ली ठाऊक, ना हे घर. माझ्यासारख्या कितीतरी जणांच्या खिडक्या तो ढकलत फिरत होता. ज्यांच्या उघडल्या, त्यांत मी एक होतो.

त्याने काय केलं ते सांगतो. इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणाला पत्ता असतो. दर्शनाने ऑफिसचं नाव लिहिलं की मी एका खात्रीच्या ठिकाणी तो पत्ता विचारून घ्यायचो आणि तिला तिथे पोचवायचो. त्या माणसाने मी विचारायचं ते ठिकाणच बदललं. आता मी विचारलं की मला खोटा पत्ता मिळे, आणि मी दर्शनाला एका खोट्या दारात नेऊन उभं करी. दार हुबेहूब तिच्या ऑफिसचं. मला कळत होतं की हे ते नव्हे. पण राऊटरला सांगितलेलं ऐकावंच लागतं. इतक्या वर्षांत मी जे काही सोसलं, त्यात हे सगळ्यात वाईट होतं.

दुपारची वेळ होती. दर्शना आईला पेज भरवत होती आणि डाव्या हाताने कॉम्प्युटर चालू करत होती. पडद्यावर लाल पाटी आली, हे ठिकाण सुरक्षित नाही. नेट अडखळलं की अशा पाट्या येतात, अशी तिची समजूत होती. जाईबाईंना तेवढ्यात ठसका लागला. तिने पाटी बाजूला सारली, आपला पासवर्ड लिहिला आणि आईची पाठ चोळायला वळली.

काही दिवसांतच ऑफिसला कळलं की दर्शनाच्या नावाने कोणीतरी आत शिरून रुग्णांची माहिती पळवली आहे. ऑफिसने विचारलं, तुमच्या घरचं वाय-फाय कोण कोण वापरतं? दर्शनाने खरं ते सांगितलं, सगळी चाळ. मग चाळीतलंच कोणीतरी असणार, असं तिथल्या माणसाने जागच्या जागी ठरवून टाकलं. तिला कामावरून काढलं नाही, पण घरून काम बंद झालं. उद्यापासून रोज ऑफिसात यायचं.

त्या संध्याकाळी सीतारामकाका गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. वाय-फायचं नाव कोणी बदललं होतं? आतल्या खोलीत कोण जाऊन आलं होतं? प्रीतम कॉलेजातून घरी येत होता. काकांनी त्याला दारातच अडवलं.

"प्रीतम, माझ्याशी खरं बोल. आतली चावी तुला ठाऊक होती की नाही?"

"होती. पण काका, मीच तर तुम्हाला सांगितलेलं बदला म्हणून."

"तुझ्याशिवाय आणखी कोणाला ठाऊक होती?"

प्रीतमने मान खाली घातली. ते बघून काकांना वाटलं की हीच कबुली. आवाज ऐकून उत्तमकाका बाहेर आले. शेजारची दारं उघडली.

उत्तमकाका अगदी हळू म्हणाले, "सीताराम, माझ्या पोराला चोर म्हणायचं असेल तर माझ्याकडे बघून म्हण."

सीतारामकाकांनी त्यांच्याकडे बघितलं. "मग दुसरं कोण, तूच सांग."

उत्तमकाकांनी मुलाचा हात धरला आणि त्याला आत नेलं. मी फळीवरून ओरडत होतो. माझे दिवे जितके लुकलुकता येतील तितके लुकलुकत होतो. तो चाळीतला नव्हता हो, तो मागच्या खिडकीतून आला. पण राऊटरचे दिवे तर रोजच लुकलुकतात, त्याच्याकडे कोण बघतं?

काका आत आले आणि त्यांनी माझी वायर उपटली. मग ते परत बाहेर गेले, दारातला माठ उचलून त्यांनी घरात आणला आणि मोरीजवळ ठेवला. चाळ बघत होती. जाईबाईंनी आपला रुमाल माझ्याबरोबरच ठेवायची खूण केली, म्हणून दर्शनाने मला त्यात गुंडाळून खोक्यात घातलं. तेव्हापासून मी या माळ्यावर आहे.

माळ्यावरून दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं, आणि जे दिसत नाही ते माणसांच्या बोलण्यातून कळतं. दर्शना सकाळी निघे आणि दिवे लागल्यावर परते. विनिता येईनाशी झाली. काका एकटेच जाईबाईंची कूस बदलत आणि दोघंही त्यात थकून जात. जाईबाई दिवसभर दाराकडे तोंड करून विचारत, दर्शू? येईल, असं काका म्हणत. थोड्या वेळाने परत तोच प्रश्न, परत तेच उत्तर. महिनाभरात प्रीतमही चाळ सोडून गेला. लोक त्याच्याकडे बघून कुजबुजत, त्याच्या हातात फोन दिसला की तो लपवतो का ते बघत. तो कळव्याला मावशीकडे राहायला गेला. उत्तमकाकांनी कोणाला कारण सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही.

हिवाळ्यातल्या एका दुपारी जाईबाईंना श्वास पुरेना. काकांनी दर्शनाला फोन लावला. पुन्हा लावला. फोन वाजत राहिला, कारण त्या चोरीनंतर ऑफिसात नवा नियम झाला होता, सगळ्यांनी आपले फोन बाहेरच्या कपाटात ठेवून आत जायचं. काकांनी डॉक्टरांना बोलावलं, पण डॉक्टर यायला अवकाश होता. शेवटी काकांनी गॅलरीत जाऊन हाक मारली. नाव उत्तमचंच तोंडात आलं.

उत्तमकाका आणि विनिता धावत आले. जाईबाई पाणी मागत होत्या. काकांनी माठ वाकडा केला, तर तळाला गेलेला. दारातून आत आणल्यापासून तो रोज भरायचं त्यांना सुधरत नव्हतं. विनिताने पळत जाऊन आपल्या घरातून पाणी आणलं आणि चमच्याने जाईबाईंच्या ओठांवर सोडलं. थोडं आत गेलं, थोडं बाहेर ओघळलं. जाईबाईंनी तिच्याकडे बघून विचारलं, दर्शू? विनिता म्हणाली, "हो, मीच." त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत.

दर्शनाने संध्याकाळी कपाटातून फोन काढला तेव्हा त्यावर काकांचे कितीतरी कॉल येऊन पडले होते. ती घरी आली तेव्हा दारात चपलाच चपला होत्या. ती रडली नाही. आईचा गार झालेला हात हातात घेऊन बसून राहिली, आणि मी वर खोक्यात पडून ते ऐकत राहिलो. रडण्यापेक्षा ते ऐकणं जड होतं.

उत्तमकाकांनी खांदा दिला. बुद्धवंदनेला मागे बसले. सगळं आटोपल्यावर घरी निघून गेले. सीतारामकाकांशी ते एक शब्द बोलले नाहीत.

खरी गोष्ट उन्हाळ्यात उघडकीला आली. दर्शनाच्या ऑफिसात कल्पिता नावाच्या बाई नव्याने आल्या होत्या. नेटवर्कची सुरक्षा बघणं हे त्यांचं काम. जुनी प्रकरणं चाळताना त्यांना दिसलं की तशीच चोरी त्याच सुमारास आणखी बऱ्याच घरांतून झाली होती, आणि ती घरं एकमेकांपासून फार लांब होती, पण प्रत्येक घरात माझंच एखादं भावंड होतं, मागची खिडकी उघडी आणि चावी कंपनीची. रविवारी त्यांनी दर्शनाला फोन करून सगळं समजावलं. दर्शनाने फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. काका ऐकत होते.

फोन संपल्यावर काकांनी विचारलं, "म्हणजे चाळीतलं कोणी नव्हतं?"

"नाही, बाबा. वाय-फायला पासवर्ड असता तरी तो आलाच असता. मागची खिडकी उघडी होती आणि आतली चावी कंपनीचीच राहिलेली. मी पण कधी बघितलं नाही."

"म्हणजे मी पाणी दिलं म्हणून नाही झालं?"

"नाही."

माणसाचं ओझं उतरावं तसं काहीतरी होईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. काका उठले, माठ घासला, भरला आणि दारात नेऊन ठेवला. तिथून ते उत्तमकाकांच्या दारात गेले. दारं शेजारची, म्हणून मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"उत्तम, चूक झाली माझी. तुझं पोरगं खरं बोलत होतं."

उत्तमकाका म्हणाले, "मला नको सांगू. मला ठाऊकच होतं. त्याला सांग."

काकांनी कळव्याला फोन लावला. प्रीतमने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी लावला, तेव्हाही नाही. आता रोज संध्याकाळी काका गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि त्याला फोन लावतात. घंटी वाजून वाजून थांबते. उत्तमकाका समोरून येतात, जातात, माठाच्या बाजूने चालतात. पेला पालथाच असतो.

कल्पिताबाईंनी खटपट करून दर्शनाचं घरून काम परत सुरू करून दिलं. आता घरात तिची वाट बघणारी आई नाही, पण काम आलं म्हणून ती नवा राऊटर घेऊन आली. या वेळी तिने नाथाला बोलावलं नाही. पहिल्यांदा आतल्या खोलीची चावी बदलली. मग मागची खिडकी लावून घेतली. मग वाय-फायची दोन नेटवर्कं करायला घेतली. काका बाजूला उभे होते. त्यांचा चेहरा बदलला असावा, कारण ती आपणहून बोलू लागली.

"बाबा, हे वेगळं भांडं नाही. बघा, माझं ऑफिसचं काम तेवढं एका बाजूला. आणि तुम्ही, माझा फोन, उत्तमकाका, सगळी चाळ, आपण सगळे दुसऱ्या बाजूला, एकत्र. कपाटाला कुलूप लावलंय, माठाला नाही."

"नाव काय ठेवलंस?"

"तेच. पाणपोई. चावी तुमच्याकडे. जो मागेल त्याला सांगा."

काकांनी विचारलं, "हे त्या जुन्यात पण होतं का?"

"होतं, बाबा. पहिल्या दिवसापासून."

मित्रांनो, तेव्हा माझ्या अंगात वीज नव्हती, म्हणून बरं. हे मला येत होतं. चाळीला पाणी पाजायचं आणि दर्शनाचं काम जपायचं, दोन्ही मला एकदम येत होतं. मला कोणी नीट विचारलं नाही, आणि काकांना कोणी नीट सांगितलं नाही.

नवी पाणपोई सुरू होऊन बरेच दिवस झाले. चावी मागायला अजून कोणी आलेलं नाही. प्रत्येकाच्या फोनमध्ये आता स्वतःचं इंटरनेट असतं, आणि त्या संध्याकाळचा प्रकारही सगळ्यांच्या लक्षात आहे.

आज दुपारी दर्शनाने माझं खोकं उघडून बघितलं. उद्या जुनी यंत्रं गोळा करणारी गाडी येणार आहे, तिच्यात मला द्यायचं ठरलं आहे. देण्याआधी माझ्या पोटातलं सगळं पुसावं लागतं. माझ्या मागच्या बाजूला एक बारीक भोक आहे. त्यात पिन दाबून धरली की मी कारखान्यातून निघालो तेव्हा होतो तसा कोरा होतो. तिने ते भोक काकांना दाखवलं. काकांनी मला हातात घेतलं. किती दिवसांनी माणसाचा हात लागला.

"यात पिन घातली की सगळं पहिल्यासारखं होतं?" त्यांनी विचारलं.

"राऊटरचं होतं, बाबा," दर्शना म्हणाली.

काकांनी मला परत रुमालात गुंडाळून खोक्यात घातलं आणि माळ्यावर ठेवलं. ते काम उद्या करू म्हणाले, आणि फोन घेऊन गॅलरीत जाऊन बसले.

म्हणून तुम्हाला आज हे सांगतो आहे. तुमच्या घरात फळीवर किंवा टीव्हीच्या मागे माझं एखादं भावंड धूळ खात बसलं असेल. आज त्याला उचला, पालथं करा आणि त्याच्या पोटावरचा कागद वाचा. त्यावरची आतली चावी अजून तीच असेल तर आजच बदला. मागची खिडकी लावून घ्या. लाल पाटी आली तर हातातलं काम थांबवून ती वाचा. आणि काही चोरीला गेलं, तर शेजारच्या पोराला दारात अडवण्याआधी आपण आपली चावी बदलली होती का, ते आठवून बघा.

बाहेर काकांच्या फोनची घंटी वाजते आहे, पलीकडे कळव्याला कोणी उचलत नाही. उद्या पिन दाबली की मला यातलं काही आठवणार नाही. चाळ, गॅलरीतली शाळा, जाईबाईंची दर्शू ही हाक, सगळं जाईल. तुम्ही एवढं एकच लक्षात ठेवा. प्रीतमने सांगितलं होतं.